तळातलं पाणी

सकाळी फळी उचलली तर तळात चार बोटं पाणी.
बोट बुडवून चाखलं.
खारट, मागून डिझेल.
म्हणजे खालून येतंय.
गोडं असतं तर वर शोधलं असतं,
डोलकाठीच्या बुडाशी, खिडकीच्या कुजक्या रबरात.

एकतीस वर्षं पाणीखात्यात गळत्याच शोधल्या.
रात्री दोननंतर, ट्रक थांबले की
लोखंडी कांब रस्त्यातल्या झडपेवर टेकवायची,
दुसरं टोक कानाला,
आणि भायखळ्यापासून शिवडीपर्यंत
डांबराखालची कुजबुज ऐकत जायचं.
कुठं सूं, कुठं फस्स, कुठं नुसती धाप.
खडूनं फुली मारायची.
सकाळी खोदणारे यायचे, शिव्या देत.
तेव्हा पाणी बाहेर जायचं,
इथं आत येतं,
एवढाच काय तो फरक, असं धरून चाललो होतो.

होडी अठरा फुटी, सागवानी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.
लकडी बंदराच्या चिखलात कलंडून पडलेली.
खोर्शेदबाईंनी जवळजवळ फुकट दिली.
"सोराब गेला, आता ही बी चालली.
तू बघ नी जरा, तुला पाण्याचं समजते."
रंग खरवडला तर एका नावाखाली दुसरं नाव,
त्याच्याखाली तिसरं,
त्यातलं फक्त 'ली' शिल्लक.

ओहोटीत तळ कोरडा केला,
आधी डब्यानं, मग स्पंजनं, शेवटी माझ्या बनियननं.
मग घरून आणलेली रांगोळी
फळ्यांच्या सांध्यांवर चिमटीनं सोडत गेलो.
("कोण येणारेय?" मालतीनं डबा देताना विचारलं होतं.)
टॉर्च घेऊन पोटावर पडलो.
भरती चढत होती, होडी चिखलातून कण्हत सुटत होती,
पांढऱ्या रेघा पांढऱ्याच.
पाणी साचायचं मागं, सुकाणूपाशी,
म्हणून मी तिथंच डोळे लावलेले.
आणि मागं वळतो तर
पुढच्या बाजूला, तिसऱ्या वांकाखाली,
रेघ करडी झालेली.
थेंब तिथून शिरून वांकाच्या आडोशानं
अख्खी होडी चालून जात होता.

पास्कू आला उत्तनहून, पिशवीत छिन्नी, मोगरी, कापसाची लड.
आकड्यानं जुना कापूस ओढून काढला,
काळा, लांब, कुण्या मेलेल्या माणसानं नीट ठोकलेला.
नवा पीळ घातला.
ठोकताना तो बघत नव्हता, ऐकत होता.
बद्द, बद्द, बद्द,
मग एकदम टण्ण. पुढं सरकला.
वर राळ आणि तेल, अंगठ्यानं.
मी म्हटलं, आता बाकीच्या फटी.
त्यानं माझ्या हातातली मोगरी काढून घेतली.
"सगलं ठोकशील, तर फली फुगल तवा जाईल कुठं?
उन्हात सुकलीय ती. दोन भरत्या पियाला दे."

पियाला दे!
मी, ज्यानं जन्मभर
थेंब न थेंब वहीत मांडला.

रात्री होडीतच झोपलो, म्हणजे झोपलो नाही.
दहा वाजता चाळीस डबे उपसले.
एकला बावीस.
साडेतीनला नऊ.
मध्येच, सवयीनं दोनच्या सुमाराला, कांब काढली,
पठाणावर टेकवली.
उजवा कान गेलाय, डाव्याचा भरवसा नाही,
म्हणून दुसरं टोक दातांत धरलं.
सूं नाही. फस्स नाही.
खाली कोळंब्या का काय कुणास ठाऊक, कटकट करत होत्या,
दूर एका जहाजाचं इंजिन जबड्यात घुमत होतं,
आणि लाकूड, अगदी हळू,
चपातीची कणीक भिजताना आवाज करत असेल
तर तसा,
शेजारच्या लाकडाकडे सरकत होतं.
असला आवाज वहीत कधी लिहिला नव्हता.

उजाडता पास्कूनं काठावरूनच विचारलं, "किती?"
"दोन डबे."
"मंग बरी हाय," म्हणून तो चहाला गेला.
मी तळाकडे बघत बसलो.
खिशात खडू होता.
फुली कुठं मारायची ते कळेना.